शनिवारचे पाच तास

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण, डिसेंबर २०२५)



गेल्या ऑगस्टमध्ये शाळेत आपण आठवी, नववी आणि दहावीसाठी मराठी साहित्याचा एक दिवस केला. तो कसा आखला ते सांग, म्हणून संयोजकांनी मला इथे उभं केलं आहे. मी १९९६ च्या बॅचची. शिक्षणानं कॉम्प्युटर इंजिनिअर, नोकरी सीप्झमध्ये. साहित्याशी माझा संबंध वाचण्यापुरता. वेळापत्रकं आखणं मात्र माझं रोजचं काम, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलं.

सुरुवात अशी झाली. आपण माजी विद्यार्थी शाळेला काही द्यायचं म्हटलं की वस्तू देतो. वॉटर कूलर झाला, पंखे झाले, कॉम्प्युटर झाले. या वेळी ग्रुपवर स्मार्ट बोर्डासाठी वर्गणीची भाषा सुरू झाली होती. मॅडमना भेटायला गेलो तर त्या म्हणाल्या, "बोर्ड नंतर बघू. मला एक दिवस द्या. आठवी ते दहावीला एक दिवस फक्त साहित्य शिकवा. मार्कांचं काही नको."

आपल्या वेळी दहावीच्या अ, ब, क, ड अशा चार तुकड्या होत्या. आता मराठी माध्यमाची प्रत्येक इयत्तेत एकच तुकडी आहे. तिन्ही इयत्तांना मराठी शिकवणाऱ्या बाईही एकच, आणि त्या येत्या मे महिन्यात निवृत्त होणार आहेत. मॅडमनी हे सहज बोलता बोलता सांगितलं. पण घरी जाताना मरोळ नाक्याच्या सिग्नलला रिक्षात बसून माझ्या डोक्यात तेच घोळत होतं.

आधी तारीख ठरवायची होती. बहुतेकांना २७ फेब्रुवारी हवी होती. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, त्याहून योग्य दिवस कोणता? पण आता बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीतच सुरू होते. २०२५ मध्ये ती २१ तारखेला सुरू झाली. म्हणजे ज्या दिवशी आपण मराठीचा गौरव करतो, त्या दिवशी दहावीची मुलं परीक्षेच्या ताणात असतात. शिवाय त्या दिवशी शाळेत दिंडी असते, फलक असतात, भाषणं असतात, वर्ग नसतात. आम्हाला वर्ग हवे होते. म्हणून ऑगस्टचा पहिला शनिवार, २ तारीख, ठरवली. घटक चाचणी अजून लांब, आणि अण्णाभाऊ साठ्यांची जयंती आदल्याच दिवशी, १ ऑगस्टला. पावसाची धास्ती होती, पण मरोळच्या पोरांना ऑगस्टमध्ये पावसाचं काय कौतुक?

शनिवारी सकाळची शाळा. सव्वासातला सुरू, साडेदहाला सुटते. पस्तीस मिनिटांचे पाच तास आणि वीस मिनिटांची मधली सुट्टी. तीन वर्ग, पाच तास, म्हणजे पंधरा चौकोन. मी तो तक्ता करून रात्री ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, 'ज्याला जे शिकवायचं आहे ते भरा.' सकाळी उठून पाहते तर पंधराही चौकोन भरलेले. मराठी भाषेचं महत्त्व. मराठी भाषेचा इतिहास, पीपीटीसह. म्हणींची अंताक्षरी. प्रश्नमंजूषा. अभिजात दर्जा म्हणजे काय. मराठी माध्यमातून शिकून मी परदेशात कसा गेलो. (नाव घेत नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं आहे, आणि तो हसतोही आहे.) पंधरांपैकी अकरा चौकोनांत एकही गोष्ट नव्हती, एकही कविता नव्हती.

हे सगळं प्रेमानं आलं होतं, याबद्दल मला शंका नाही. पण माझं मत मी तेव्हा ग्रुपवर लिहिलं आणि आजही तेच आहे. मराठीविषयी बोलणं वेगळं आणि मराठीतलं काही वाचणं वेगळं. मराठी वाचवा असं चौदा वर्षांच्या मुलाला सांगून त्याच्या हाती काहीच पडत नाही. तो तर आधीच मराठी शाळेत बसला आहे. त्याला आणखी काय करायला सांगणार?

मग मी आपल्या बाईंकडे गेले. बाई आता डोंबिवलीला असतात. आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे मी जपून बोलते. बाईंनी तक्ता हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे तास कुणाचे? मुलांचे की तुमचे?" मग पेन्सिलीनं एकेका चौकोनावर फुली मारत गेल्या. शेवटी एकच अट घातली. जे काही निवडाल ते आधी मोठ्यानं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचं. वाचून होईपर्यंत एकही प्रश्न विचारायचा नाही, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहायचे नाहीत, लेखकाचा परिचयसुद्धा नंतर.

ही अट ऐकायला सोपी, आखायला अवघड. मी घरी घड्याळ लावून वाचून पाहिलं. नीट, मुलांना कळेल असं वाचलं तर मिनिटाला साधारण एकशे दहा शब्द होतात. पस्तीस मिनिटांच्या तासात पहिली तीन-चार मिनिटं स्थिरस्थावर होण्यात जातात. मुलांना बोलायला अर्धा तास तरी हवा असं बाईंचं म्हणणं, पण तेवढा वेळ आणायचा कुठून? पंधरा-सोळा मिनिटांवर तडजोड झाली. वाचायला उरली पंधरा. म्हणजे सोळाशे शब्दांच्या वरचं काहीही एका तासात बसत नाही. त्यात आपल्या डोक्यावरून विमानं जातात. तुम्हाला आठवत असेल, विमान आलं की बाई वाक्याच्या मध्येच थांबायच्या, बोट पुस्तकावर ठेवून, आणि ते गेलं की पुढचा शब्द. मी गणितात विमानांसाठी दोन मिनिटं धरली. हसू नका, ती पुरली नाहीत.

हे सोळाशे शब्दांचं गणित इतकं सांगतेय, कारण निवड त्यानंच झाली. कादंबरीतला 'उतारा' द्यायचा नाही असं बाईंचं म्हणणं. उतारे मुलांना रोजच मिळतात. आजची दहावीची कृतिपत्रिका तुमच्यापैकी ज्यांची मुलं मराठी माध्यमात आहेत त्यांनी पाहिली असेल. ऐंशी गुणांची. गद्याला १८, पद्याला १६, स्थूलवाचनाला ६, भाषाभ्यासाला १६, उपयोजित लेखनाला २४. उतारा छापलेला असतो, खाली चौकटी, आकृतिबंध पूर्ण करा, आणि शेवटी 'स्वमत'. मला ही पद्धत वाईट वाटत नाही. आपण तर अपेक्षित प्रश्नसंचातली उत्तरं घोकून ओकलो आहोत, कुणी आपलं मत विचारलंसुद्धा नव्हतं. पण आता स्वमतही क्लासमधून तयार होऊन येतं. नववीच्या एका मुलीनं मला तिची वही दाखवली. तिचं आणि शेजारणीचं स्वमत अक्षरशः एक होतं, स्वल्पविरामासकट. म्हणून पाठ्यपुस्तकातलं काहीच घ्यायचं नाही, असं ठरलं. ज्याचं उत्तर कुणीच लिहून दिलेलं नाही, असं काहीतरी.

आता नववीचं सांगते, कारण सगळ्यात जास्त वाद तिथे झाला.

अण्णाभाऊंची 'स्मशानातील सोनं' ही कथा घ्यायची, असं आपल्यातल्या एकीनं सुचवलं. ती महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका आहे. कथा तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. वारणेच्या खोऱ्यातून मुंबईला आलेला भीमा उपनगरातल्या एका खाणीवर काम करतो. खाण बंद पडते. मग तो स्मशानातल्या राखेतून, पुढे पुरलेल्या मढ्यांवरून सोनं काढून घर चालवायला लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी त्याची झटापट होते, त्याची बोटं प्रेताच्या जबड्यात अडकतात आणि तुटतात. आणि मग बातमी येते, खाण पुन्हा सुरू झाली.

ग्रुपवर लगेच सुरू झालं. नववीच्या मुलांना मढी? पालक काय म्हणतील? काहीतरी प्रेरणादायी घ्या ना. मॅडमनाही काळजी वाटली, आणि ती रास्त होती. उत्तर त्यांनाच द्यावं लागणार होतं, आम्ही दिवसभरात निघून जाणार. मी म्हटलं, आपण वाद घालण्यापेक्षा पालकांनाच वाचायला देऊ. शिक्षक-पालक संघातल्या दोन आयांना पुस्तक दिलं. त्यातल्या एक लोकांच्या घरी स्वयंपाकाला जातात. त्या दोन दिवसांनी पुस्तक परत घेऊन आल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "घ्या ही. लॉकडाऊनमध्ये यांची कंपनी बंद झाली होती तेव्हा आमच्या पोरांनी सगळं बघितलंय. त्यांना हे नवीन नाही." त्यावर कुणाला काही बोलण्यासारखं राहिलं नाही.

कथा एका तासात बसणारी नव्हती, म्हणून दुसरा आणि तिसरा तास जोडला. झेरॉक्सचा प्रश्न आला. अण्णाभाऊंचं निधन १९६९ चं, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, तेव्हा सरळ पुस्तकं विकत घेतली, दोघांत एक. ती आता शाळेच्या वाचनालयात आहेत. वाचायला तीच, परिचारिका. मैत्रीण म्हणून सांगत नाही, पण तिच्यासारखं त्या दिवशी कुणी वाचलं नाही. मढं हा शब्द तिनं इतक्या साधेपणानं उच्चारला की वर्गात कुणी हुं की चूं केलं नाही. अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले, मरोळ नाक्यावरून मेट्रोनं चौथं स्टेशन, हे तिनं शेवटी सांगितलं. बाईंची अट.

मी मागच्या बाकावर बसले होते. वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि तिनंही बोलायला लावलं नाही. मग एका मुलानं विचारलं, "खाण एक दिवस आधी सुरू झाली असती तर?" दुसरा म्हणाला, "त्याला सांगायला कोण येणार होतं?" खिडकीजवळच्या मुलीचा वेगळाच मुद्दा होता. भीमानं चोरी केली म्हणायचं का? केली तर कुणाची? मेलेल्याची की त्याच्या घरच्यांची? यावर वर्गाचे सरळ दोन भाग पडले. आपली परिचारिका दोन्हीकडचं ऐकत राहिली, निकाल दिला नाही. सुट्टीची घंटा झाली तरी पाण्याच्या नळापाशी तोच वाद चालू होता. डबे खाता खाता एक मुलगा म्हणत होता, "राखेत पडलेलं कुणाचंच नसतं." मी ते लिहून घेतलं आहे.

आठवीचं थोडक्यात सांगते. पहिल्या तासाला 'स्मृतिचित्रे'तला एक पूर्ण प्रसंग घेतला. लक्ष्मीबाई टिळकांचं पुस्तक १९३४ ते १९३६ मध्ये चार भागांत आलं, म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीचं. आणि आठवीची मुलं शनिवारी सकाळी साडेसातला त्यावर हसत होती. प्रसंग कापला नव्हता, म्हणून बाईंनीही चालवून घेतलं.

त्यानंतर बहिणाबाई. इथे आखणीत एक युक्ती केली. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि एक नातलग ते टिपून घ्यायचे. त्या गेल्या १९५१ मध्ये आणि कविता पुस्तकरूपानं आल्या १९५२ मध्ये. मग मुलांच्या हातात छापील कविता आधी द्यायचीच कशाला? कविता फक्त म्हणून दाखवली आणि सांगितलं, ऐकून लिहून काढा. तिसाहून अधिक मुलांची तिसाहून अधिक बहिणाबाई तयार झाली. खान्देशी बोलीतला एकेक शब्द कुणी कसा ऐकला, कुणी कसा. चुका कुणी तपासल्या नाहीत. मग छापील पान दिलं आणि त्यांनीच ताडून पाहिलं.

पुढच्या तासाला प्रत्येकानं घरून एक शब्द आणायचा होता, पुस्तकात नसलेला. या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत. भोजपुरी आहे, कन्नड आहे, गुजराती आहे. मराठी घरांतही मालवणी आहे, वऱ्हाडी आहे. मालवणी मुलानं 'झील' आणला, नागपूरकडच्यानं 'पोट्टं', आणि मग दोघांच्या लक्षात आलं की ते जवळपास एकच सांगताहेत. मरोळ गावठाणातल्या ईस्ट इंडियन मुलीनं 'उंबराचं पाणी' आणलं, त्यांच्या लग्नातला पाणी आणायचा विधी. ती ते सांगायला उभी राहिली आणि खाली बसेना. मराठीच्या तासाला आपल्या घरचं मराठी चालतं हे तिला बहुधा पहिल्यांदाच कळत होतं. माझ्या शेजारी शाळेतल्या बाई उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "तीन वर्षांत ही एवढी बोलली नव्हती."

दहावीसाठी नारायण सुर्वे ठरले. १९९५ च्या परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आपण तेव्हा नववीत होतो. आपल्याला त्याचं काय होतं? मला तरी नव्हतं. सुर्व्यांना गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं उचलून आणून वाढवलं. पुढे ते महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते आणि मग शिक्षक. शाळेची घंटा देणारा माणूस आणि वर्गात शिकवणारा माणूस एकच. 'माझे विद्यापीठ' घ्यायचं यावर एकमत होतं. वाचणार कोण, यावर नव्हतं.

तीन प्राध्यापकांची नावं आली. एक नट आणता येईल असंही कुणी म्हणालं. मी नाव सुचवलं आपल्याच वर्गातल्या एकाचं. दहावीनंतर त्यानं शिक्षण सोडलं. आज मरोळ एमआयडीसीत त्याचा गाळा आहे, दोन लेथ मशीन, चार माणसं. मी गाळ्यावर जाऊन विचारलं तेव्हा तो म्हणाला, "वेडी झालीस का? मराठीत मला बेचाळीस होते." मी म्हटलं, मार्कशीट कुणी मागणार नाही. पंधरा दिवस त्यानं होही म्हटलं नाही आणि नाहीही. तक्त्यातला तो चौकोन मी रिकामा ठेवला होता, आणि ग्रुपवरून मला रोज विचारणा होत होती. मग एका रात्री अकराला त्याचा व्हॉइस मेसेज आला. मागे लेथचा आवाज आणि हा कविता वाचतोय. चार ठिकाणी अडखळलेला. खाली लिहिलं होतं, 'चालेल का?'

वर्गात तो शर्ट इन करून आला होता, हे त्याच्या बायकोला सांगा. वाचताना कागद किंचित हलत होता. संपूर्ण कविता वाचली, मग म्हणाला, "आता तुमच्यापैकी कुणीतरी वाचा," आणि दोन मुलांनी पुन्हा वाचली. एकच कविता तीन आवाजांत. प्रश्नांच्या वेळी एका मुलानं विचारलं, "सर, तुम्ही काय शिकलात?" मी मागे श्वास रोखून बसले. तो म्हणाला, "दहावी. पुढचं या गाळ्यांत शिकलो." मग मुलांनी कवितेतलं सोडून लेथबद्दल विचारायला सुरुवात केली, आणि त्यानंही खुशाल सांगितलं. मायक्रॉन म्हणजे काय ते फळ्यावर काढून दाखवलं. साहित्याचा तास भरकटला असं कुणी म्हणू शकेल. बाईंना मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "कवितेचं नाव काय आहे ते परत वाच."

राहिला पाचवा तास. तो मी तिन्ही वर्गांसाठी मोकळा ठेवला होता. त्या तीन चौकोनांसाठी माझी जेवढी भांडणं झाली तेवढी ऑफिसात बजेटसाठी होत नाहीत. समारोप हवा. पाहुणे हवेत. सत्कार हवा, शाल-श्रीफळ हवं. मी एवढंच म्हणत राहिले की कामाच्या आखणीत थोडी जागा सोडावी लागते, नाहीतर सगळं पहिल्याच धक्क्याला कोलमडतं. शेवटी नारळ वाचले. वाचनालयाच्या कपाटांतली पुस्तकं सभागृहात सतरंज्यांवर पसरली, आणि मुलांना सांगितलं, जे हवं ते घ्या, नको असेल तर बसून राहा. काही बसून राहिली. दोघं झोपले. उरलेल्यांनी वाचलं. कपाटातल्या कित्येक पुस्तकांवर शेवटचा शिक्का दहा-दहा वर्षांपूर्वीचा होता. त्या दिवशी एक्केचाळीस पुस्तकं घरी गेली, आणि परवा मॅडमनी सांगितलं की त्यातली सदतीस परत आली. चार आली नाहीत, याचा मला तरी आनंद आहे. मॅडमना नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. दिवस छान झाला म्हणून ग्रुपवर सूर आहे, की आता आपणच आळीपाळीनं मराठी शिकवू, बाई निवृत्त झाल्या तरी भागेल. नाही भागणार. आपण हौशी माणसं आहोत. आपण एका शनिवारी येऊन मजा करून गेलो, कारण उरलेले सगळे दिवस तिथे एक शिक्षिका वह्या तपासत होती. आमच्या तासांना मुलं बोलली, कारण मुलांना बोलतं कसं करायचं ते तिनं वर्षभर केलं होतं. ती जागा भरली जावी म्हणून संस्थेला द्यायचं पत्र तयार आहे. ते दाराजवळच्या टेबलावर ठेवलं आहे. वाचा, पटलं तर सही करा. सही करताना बॅचचं साल नीट लिहा, मागच्या वेळी अर्ध्यांनी जन्मसाल लिहिलं होतं.

आणि पुढचा दिवस. २०२६ मध्ये ऑगस्टचा पहिला शनिवार नेमका १ तारखेला येतो, अण्णाभाऊंच्या जन्मदिवशीच. अडचण एवढीच की त्याच दिवशी टिळक पुण्यतिथीची वक्तृत्व स्पर्धा असते. मॅडमशी बोलणं झालं आहे. स्पर्धा शुक्रवारी घ्यायला त्या तयार आहेत, पण ज्यांनी आतापासून भाषण पाठ करायला घेतलं आहे त्या पाचवीच्या मुलांची समजूत मला काढायची आहे.

तक्ता चहाच्या टेबलाशेजारी लावला आहे. पाचव्या तासाला हात लावू नका. नववीचा चौथा आणि आठवीचा दुसरा तास अजून रिकामे आहेत. पेन दोरीनं बांधलेलं आहे.